गोटाची दोन टोकं

द्वारका, नाशिक
१८ नोव्हेंबर १९९८

लंकाआत्या,

पाया पडते. गाय व्याली का? पाडा झाला की पाडी, ते कळव.

इथे थंडी अशी पडलीय की सकाळी नळाखाली हात धरवत नाही. म्हणून गोधडी शिवायला घेतलीय. हसू नकोस. तुझ्याकडे असताना सुई हातात दिली की मी भोकाड पसरायचे, ते मला आठवतंय. लहानच घेतलीय. आत माझी दोन जुनी पातळं घातलीत आणि ट्रंकेतलं काय काय. धावदोरा असा आलाय की तुलाही खोट काढता यायची नाही. काढशीलच म्हणा.

अडलंय ते गोटापाशी. काठाची पट्टी चारी बाजूंनी फिरवून आणली आणि जिथून निघाले तिथे परत पोचले, तर दोन टोकं नीट भेटेनात. एकात एक खुपसून शिवली तर तिथे आवळ्याएवढा गोळा झाला. उसवली. परत शिवली, परत गोळा. तुझ्या गोधडीचा जोड कुणाला सापडायचा नाही. पाड्यातल्या बायका बोटं फिरवून दमायच्या. कशी जोडायचीस ते सांग.

हे माल घेऊन इंदूरला गेलेत. कधीही येतील, म्हणून घर सोडून तुझ्याकडे यायला जमत नाही. कार्ड संपलं.

तुझी सवी


पेठ
२७ नोव्हेंबर ९८

सवे,

पाडी झाली. कपाळावर पांढरा टिळा हाय.

तुझं कार्ड माझ्या आधी सगळ्या पाड्याला पोचलं. बारकू पोस्टमन वाचत वाचतच टेकडी चढतो, तुला माहीत हाय. अंगणात पाय टाकायच्या आधीच वरडला, "लंकाबाई, तुझी सवी लहान गोधडी शिवती बरं का!" मी नागली पाखडत होते. सूप तसंच ठेवलं. शेजारची सरुबाई धावत आली, तिनं माझ्या तोंडात गूळच कोंबला.

अगं भवाने, ही काय सांगायची रीत झाली? गोटाचं निमित्त करून कार्डावर? सात वरसं मी देवाला काय काय बोलले ते माझं मला माहीत. तुझी आई गेली तेव्हा तू एवढुशी होतीस, माझ्या कडेवरनं उतरायची नाहीस. आता तुझं पोर माझ्या कडेवर. मी काल एकटीच चुलीपाशी बसून रडले. सुखाचं रडले, घाबरू नको.

आता गोटाचं ऐक. तू चुकलीस ती सुरवातीलाच. कोपऱ्यापासनं सुरू केलं असशील. कोपऱ्यात कधी सुरू करू नये, लांब बाजूच्या मधोमध करायचं. आन् पहिलं टोक वीतभर मोकळं सोडायचं, शिवायचं नाय. फिरून परत आलीस की शेवटाचं टोकही तसंच मोकळं ठेव. मधे हातभर जागा उघडी राहिली तर राहू दे.

मग दोन्ही टोकं त्या जागेवर सपाट अंथर. पट्टी जेवढी रुंद, तेवढंच एकावर एक आलं पाहिजे. जास्त असंल ते काप. त्याहून आखूड कापलंस तर मेलीसच. मग एक टोक उभं धर, एक आडवं, चांगली बाजू चांगल्या बाजूवर ठेव आन् या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत तिरका टाका घाल. सरळ जोडलं की सगळी जाडी एका जागी बसते, म्हणून तो तुझा आवळा झाला. तिरकं जोडलं की जाडी पसरते. मग उरलेली जागा शिवून टाक. झालं.

खरं तर हे दोघींचं काम. आपल्यात एक बाई गोधडी सैल धरती, दुसरी टोकं जोडती. तिथं खालच्या मजल्यावर ती सितारा हाय ना, मशीनवाली, तिला धरायला सांग.

सुट्टीला आलेला मास्तर सोमवारी नाशकाला जाणार हाय. त्याच्यासंगं नागलीचे लाडू पाठवते. रोज एक खायचा. धनराजला देऊ नको, त्यो गाडीवर जिलबी खातो.

जड उचलू नको.

तुझी आत्या


द्वारका, नाशिक
९ डिसेंबर १९९८

लंकाआत्या,

यावेळी आंतरदेशीय पत्र लिहितेय, म्हणजे बारकूला चिकटवलेलं उघडावं लागेल. तेवढी तरी लाज असेल त्याला.

लाडू पोचले. फार छान झालेत. पण आत्या, पाड्यात एवढा बोभाटा करू नकोस गं. अजून कशात काही नाही. सरुबाईलाही सांग, गूळ जपून वापर. पुढचं पुढे बघू.

तू सांगितलंस तसं केलं. कोपरा सोडला, मधोमध सुरुवात केली, वीतभर टोक मोकळं ठेवलं. पण कापताना घात झाला. टोकाला टोक भिडेल इतकंच ठेवून बाकीचं कापून टाकलं. वाटलं, एकावर एक कशाला, उगाच जाडी वाढेल. शिवायला घेतलं तर बोटभर कमी पडली. ओढून ओढून आणली तर गोधडीच आक्रसून गोळा झाली. तू म्हणालीस तशी मेलेच.

सितारा भाभी बघायला आली. तिने गोधडी उचलून दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, "ये तो पोतडी बनी, सविता, अब इसमें कांदे भर." मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. तिचा अदनान शाळेतून येईपर्यंत ती माझ्याजवळ बसते. मग जाते. तिचं घर भरलेलं आहे, तिला स्वयंपाक असतो.

पट्टी वाया गेली म्हणून आता नवीन काढलीय. ह्यांचा तो निळ्या चौकडीचा शर्ट होता ना, त्याच्या पाठीतून चांगल्या लांब पट्ट्या निघाल्या. रंगही खुलतो. आतल्या ठिगळांतही त्यांचेच दोन-तीन सदरे आहेत, त्यांना जोडून दिसतो.

हे बरे आहेत. परवा येऊन गेले, लगेच गेले. तुला नमस्कार सांगितलाय.

तुझी सवी


पेठ
१८ डिसेंबर ९८

सवे,

पाकीट पाठवतेय. आत काय हाय ते तू एकटीच वाच.

निळ्या चौकडीचा सदरा मला माहीत हाय. गेल्या वरसाच्या दिवाळीत, पाडव्याला मीच पेठच्या बाजारातनं घेतला जावयाला. दुकानदाराशी भांडून घेतला. उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा धनराजनं तोच घातला होता, घडीही मोडली नव्हती नीट. गोधडीत जुनेर घालतात, सवे. विरलेलं, फाटलेलं. अंगावरचं कापड कोण घालतं? आन् वर आणखी दोन-तीन सदरे?

तू माझ्या घरात वाढलीस. आपल्यात ज्या माणसाची वाट बघायची असती त्याच्या कपड्याला कात्री लावत नाय. तुझा झुंबरमामा, माझा नवरा, द्राक्षाच्या कामाला म्हणून गेला, तो अजून जातोच हाय. पण त्याचा फेटा खुंटीवर हाय. लहानपणी तू त्याची बाहुली करायला मागितलीस तेव्हा मी तुला फटका दिला होता. एकदाच दिला. तो तू विसरली असशील असं मला वाटत नाय.

म्हणून विचारते. धनराज परवा येऊन गेला म्हणालीस. खरंच आला होता का?

मी रागवणार नाय. कुणाला बोलणार नाय. एवढंच लिही.

आत्या


पेठ
११ जानेवारी ९९

सवे,

तुझं पत्र नाय. पाकिटं संपली, म्हणून हे कार्ड.

गोधडीचं काय झालं? टोकं जोडली नसतील तरी चालंल. तशीच मोकळी ठेव. घाई नाय. मी काय म्हणते, उघड्या टोकाची गोधडी पण ऊब देती.

पाडी आता दावं तोडून पळती. बारक्या, तू हे वाचतोस ना, तर पुढच्या खेपेला नुसता हात हलवत येऊ नको, पत्र घेऊन ये.

संक्रांतीचा तिळगूळ घे.

आत्या


द्वारका, नाशिक
२४ जानेवारी १९९९

आत्या,

चार वेळा कागद घेतला आणि फाडला. आज पाठवतेच.

धनराज आला नव्हता. मी खोटं लिहिलं. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेला तो गेलाच. दिवाळीत मी करंज्या करून डबा भरून ठेवला. फराळाला वास लागला, तेव्हा टाकला. मग त्याच्या गाडीचा क्लीनर द्वारकेला चहाच्या टपरीवर भेटला. माझ्याकडे न बघता बोलला, "वहिनी, उस्तादनी इंदूरला खोली घेतलीय. बाई आहे घरात." कपबशी तशीच टाकून पळाला बिचारा. त्याच्यावर काय रागवायचं?

घरी आले. दार लावलं. ट्रंक उघडली आणि त्याचे शर्ट काढून एकेक कापत बसले. मला खुंटी आठवत होती, आत्या, तुझा फटकापण आठवत होता. म्हणूनच कापले. नाहीतर तेही खुंटीवर राहिले असते आणि मी खाली बसून राहिले असते.

आणि ती गोधडी लहान का, ते ऐक. एका माणसापुरती आहे. बाळाची नाही. बाळ नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुणीतरी माझ्यासाठी सुखाने रडलं, हे वाचून मला इतकं बरं वाटलं की खरं लिहायला हात उचलवेना. मग लाडू आले. रोज एक खाल्ला. नसलेल्या पोराचे लाडू एकटीने बसून खाल्ले आत्या, आणि डबा धुऊन ठेवला. मला शिव्या दे. सरुबाईला काय सांगशील?

करीच्या दिवशी तो आला. खरंच आला. दारात उभा राहिला, चप्पल काढली नाही. म्हणाला, "माझे कपडे तेवढे काढून दे." मी ट्रंक त्याच्यासमोर सरकवली. आत डांबराच्या गोळ्या होत्या फक्त.

"कपडे कुठायत?"

मी खाटेवरची गोधडी पसरली. तो बघत राहिला. मग आत आला, वाकला, एका ठिगळावर बोट ठेवलं. "हा तर लग्नातला आहे." मी म्हटलं, हो. "हा तुझ्या आत्याने दिलेला." म्हटलं, हो, त्याचा गोट केलाय. "वेडी झालीस का गं तू?"

मी म्हटलं, "थंडी वाजत होती."

बाकी खूप काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं मी. महिनाभर भांडी घासताना बोलत होते ते सगळं. तोंडातून एवढंच निघालं. त्याने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला आणि गेला. जिन्यात सितारा भाभी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्यामागे मोठ्याने ओरडली, "भाई, रुको! बाह्या उरल्यात, त्या तरी घेऊन जा!" सगळी चाळ हसली. मी नाही हसले. तो जिना उतरत होता तेव्हा मी त्याच्या पावलांवरून ओळखत होते, आता वळणावर पोचला, आता खालची फुटकी पायरी. सवय जात नाही गं.

मग रागारागात बसले आणि गोट जोडून टाकला. एकटीनेच. भाभीला बोलवावंसं वाटलं नाही. यावेळी माप बरोबर घेतलं, तिरका टाका बरोबर घातला. शिवून सरळ करायला गेले तर पट्टीला पीळ पडलेला. एका जागी आतली बाजू वर आली होती. इतकी रडले, त्या पिळासाठी. तो गेला तेव्हा रडले नव्हते.

आता उसवून ठेवलीय. टोकं लोंबतायत. तीच पांघरते.

सवी


पेठ
५ फेब्रुवारी ९९

माझे सवे,

शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या ते मला कळतंय, तुला नाय देणार. त्याला इथनंच दिल्या. गाय दचकली.

सरुबाईला मीच सांगितलं. म्हणाले, माझा समज चुकीचा झाला, पोरीनं कधी तसं लिहिलंच नव्हतं. आन् ते खरं हाय. कार्डात तू लिहिलंस लहान गोधडी, पोर मी माझ्या मनानं घातलं त्यात. मला पाहिजे होतं म्हणून घातलं.  सरुबाई म्हणाली, लाडू वाया नाय गेले, पोरीच्या अंगी लागले. बारकूला पण सांगितलं. त्या दिवसापासनं तो माझी पत्रं उलटी धरून आणतो, अक्षर खाली करून. माणूस वाईट नाय.

तू महिने महिने तिथं एकटी बसलीस, दोन तासाच्या एसटीवर मी असताना. याचा मला राग हाय. मला गाडी लागते, सावळ घाटात तीनदा वकते, तरी आले असते. गाय सरुबाईला दिली असती.

आता पिळाचं. पीळ का पडला सांगते. तू एकटीनं केलंस म्हणून. दुसरं कुणी गोधडी धरली नाय, तर गोधडीच्या वजनानं एक टोक फिरतं आन् आपल्याला दिसत नाय. पण एकटीनं पण येतं करता. मला येतं. झुंबर गेल्यावर पाड्यातल्या बायका माझ्या गोधडीला हात लावेनात. गेलेल्या नवऱ्याच्या बाईबरोबर टोक जोडू नये म्हणायच्या. मग मी माझं शोधलं. जोड सापडत नाय म्हणून तू कौतिक करतेस ना, ते असं शिकलेलं हाय. कुणाला सांगितलं नव्हतं.

उघड्या जागेच्या खाली गोधडीला एक मोठी चुणी घाल. चुणी घातली की दोन्ही बाजू जवळ येतात, टोकं सैल पडतात. ती चुणी काट्यानं टाचून ठेव. तो काटा म्हंजे तुझी दुसरी बाई. मग टोकं जोडायची. पण तिरका टाका घालायच्या आधी नुसतं एक कच्चं टाचून घे आन् पट्टीवर या टोकापासनं त्या टोकापर्यंत बोट फिरव. बोट कुठं पालथं पडलं नाय तर पीळ नाय. मग पक्कं शिव. मग काटा काढ, चुणी सोड. गोधडी आपोआप सपाट पडती आन् जोड आत बसतो.

पाकिटात करवंदीचा काटा ठेवलाय, कापसात गुंडाळून. जपून काढ. लोखंडाची टाचणी घेऊ नको, भोक पडतं.

आन् शिवून झालं की कुलूप लाव आन् इकडं ये. कायमची ये. घर हाय, गाय हाय, नागली हाय. दोन बायका म्हंजे काय लागतं? तुझी खाट मी उन्हात टाकून ठेवलीय.

आत्या


द्वारका, नाशिक
२ मार्च १९९९

आत्या,

या पत्राबरोबर गोधडी पाठवतेय. एसटीचा कंडक्टर पेठचाच आहे, स्टँडवर बारकूच्या हातात देईन म्हणालाय.

काटा पोचला, बोटाला एकदा टोचलाच. तू सांगितलंस तशी चुणी घातली, टाचली. खोलीत इतकी शांतता होती की दोरा कापडातून जाताना ऐकू येत होता. कच्चं टाचून बोट फिरवलं. पीळ नव्हता. मग पक्कं शिवलं, काटा काढला आणि चुणी सोडली. आत्या, ती अशी पसरली! मी उठून दोनदा बाजूला जाऊन बघितलं. सांगायला कुणी नव्हतं. भाभी माहेरी येवल्याला गेली होती. म्हणून मग स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "जमलं." आवाज फारच मोठा वाटला.

आता जोड कुठे आहे ते तू शोधून दाखव. सापडला तर मी हरले.

पण मी येत नाही. रागावू नकोस, खरं ते सांगते, खोटं एकदा लिहून झालंय. मला तुझ्या खुंटीची भीती वाटते. लहानपणी मी तुझ्याकडे झोपायचे तेव्हा कुत्रं भुंकलं की तू अंथरुणात उठून बसायचीस. दाराकडे बघायचीस, मग खुंटीकडे. मग मला थोपटायचीस, जणू मीच उठले होते. मी जागी असायचे गं. मला तेव्हा वाटायचं, मामा यावा. नंतर वाटायला लागलं, तो येऊ नये, पण तू निजावंस. तुझ्याकडे आले तर मीही तशीच बसेन. आपण दोघी दोन बाजूंनी त्या एका फेट्याकडे बघत बसू आणि म्हातारपण संपेल.

इथे निदान खुंट्या रिकाम्या आहेत. भाभीने तिची मशीन सकाळी मला वापरायला दिलीय. परकर शिवते, दुकानात देते. संध्याकाळ तेवढी जात नाही. दिवे लागले की चाळीत प्रत्येक दारातून कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. मी रेडिओ लावते.

गोधडी तूच पांघर. ती शिवली तेव्हा फार थंडी होती, आता उन्हाळा येतोय. मला नको.

तुझी सवी


पेठ
२१ मार्च ९९

सवे,

गोधडी पोचली. बारकूनं डोक्यावर घेऊन आणली, देवाची पालखी आणावी तशी.

मी अंगणात बसले. सरुबाई आली, लंगडी मंगलाबाई आली. मी गोधडी मांडीवर घेतली आन् गोटावरनं बोट फिरवलं. सगळा फेरा केला. जोड नाय. परत केला. डोळे मिटून केला. सरुबाईनं केला, मंगलाबाईनं गालाला लावून बघितला. निळी चौकडी कुठंच तुटत नाय. तू चौकडीला चौकडी जुळवलीस, ते तर मी तुला सांगितलं पण नव्हतं. हरले मी. पाड्यासमोर हरले, आन् अशी मिरवले की सांगू नको.

मग त्या गेल्या. मी गोधडी पांघरून बसले, भर उन्हात. तुझं पत्र परत वाचलं. मला लय राग आला तुझा. एवढीशी पोर, अंधारात जागी राहून माझ्याकडं बघत होती आन् एवढी वरसं बोलली नाय. मला वाटायचं, मी कुणाला दिसत नाय.

दोन दिवस मी तुला पत्र लिहायचं नाय असं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध काढलं, चूल सारवली आन् खुंटीवरचा फेटा उतरवला. घडीवर इतकी धूळ होती की शिंका आल्या. उलगडला तर मधली घडी अजून लालभडक, बाहेरची विटलेली. मला वाटलं होतं मी रडंन. नाय रडले. पहिली पट्टी फाडली तेव्हा आवाज असा आला की पाडी कान टवकारून बघायला लागली. मग एकामागनं एक फाडत गेले. फेटा लांब असतो, सवे. गोटासाठी त्याच्यासारखं कापड नाय. इतकी वरसं डोळ्यासमोर होतं आन् मला दिसलं नाय.

एक मोठी गोधडी भरलीय. दोघींची, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, मधे पाय पसरायला जागा. गोट लावून होत आलाय. मधोमध सुरू केला, फिरवून आणला, दोन्हीकडं वीत वीत मोकळी सोडलीय. पीळ नाय, बोट फिरवून बघितलं.

पुढं मला येतं. करवंद अंगणाच्या कडंलाच हाय, काट्याला तोटा नाय. पण मी काटा तोडणार नाय. यावेळी कुणीतरी धरायला पाहिजे. चार दिवस ये, कायमची नको येऊ. परकर शिवायचे असतील तर परत जा, मी अडवणार नाय. तुझ्या मशीनला मी कशी आडवी येईन?

आन् आलीस की हातातली पिशवी खाली ठेवू नको, गाय चावती. दाराजवळची खुंटी मोकळी हाय, तिथं अडकव.

तुझी आत्या